तांबूचा गृहप्रवेश

यल्लव्वा मूळची निपाणीकडची. नवरा गेल्यावर ती गावी परतली नाही. शहरातल्या बनशंकरी भागात, आमच्या गल्लीत, कोपऱ्यावरच्या मोकळ्या साइटवर, म्हणजे प्लॉटवर, गाय बांधून आणि समोरच्या खोलीत स्वतः राहून तिनं आठ वर्षं काढली. गाईचं नाव तांबू.

तांबूचा दिवस ठरलेला. सकाळी बेकरीचं दार अडवायचं, शिळा बन मिळाला की सोडायचं. मग रस्त्याच्या मधोमध रवंथ. रिक्षावाले हॉर्न वाजवतात, ती कान हलवते, तोही माशीसाठी. एक कावळा घरट्यासाठी तिचे केस उपटतो, तेव्हा मात्र मान लांबवून डोळे मिटते, सलूनमध्ये बसल्यासारखी. यल्लव्वा उंबऱ्यावरून हे सगळं बघते. लेकीनं दिलेला टीव्ही कापडाखाली झाकलेलाच आहे.

मग ती साइट पुण्याच्या सूर्यकांतनं घेतली. तिथं दुमजली घर उठलं, तांबूचा खुंटा फुटपाथवर आला. सूर्यकांत सभ्य माणूस. वासाबद्दल पालिकेला अर्ज दिला, तो आधी यल्लव्वाला वाचून दाखवला.

"पर्सनल काही नाही, आजी. पण आम्ही राहायला आलो की गाय इथं नको."

यल्लव्वानं निपाणीच्या भाच्याला टेंपो आणायला सांगितलं. गाय जाणार, आपण राहणार. तेवढ्यानं तिचं जेवण सुटलं.

वास्तुशांतीच्या दोन दिवस आधी शेषगिरी भटांनी सूर्यकांतला बजावलं, नव्या घरात पहिलं पाऊल गाईचं. त्यानं मोबाइलवर भाड्याची गाय शोधली. शहराच्या पार एचएसआर लेआउट भागापर्यंत एकही गाय त्या मुहूर्ताला मोकळी नव्हती. शेवटी तो उंबऱ्याशी आला.

"आजी, एक रिक्वेस्ट होती. फक्त दहा मिनिटं."

"वास यायचा की रं, बाबा!"

"आई मागं लागलीय हो."

वास्तुशांतीच्या सकाळी यल्लव्वानं तांबूला आंघोळ घातली, शिंगांना हळद लावली. टेंपो त्याच दुपारी येणार होता.

दोरी ओढावी लागली नाही. तांबू पायऱ्या चढली, हॉलमध्ये गेली, चकाकती फरशी हुंगली, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि बसली. आठ वर्षं खुंट्याशी जिथं बसायची, नेमकी तिथंच.

"आता उठवा ना तिला," सूर्यकांत म्हणाला.

"स्वल्प थांबा," भट म्हणाले. "आपण होऊन बसलेल्या गाईला उठवायचं नसतं. तिची ती उठेल."

पूजा गाईला वळसा घालून झाली. दूध उतू गेलं. पाहुणे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. तिनं तोंडाशी आलेलं तोरण खाल्लं आणि मग शांतपणे शेण टाकलं. सूर्यकांतच्या आईनं, सुनंदाबाईंनी, हात जोडले. सूर्यकांत फरशीकडं बघत राहिला.

"आजी, प्लीज!"

"माझं ऐकती होय? जागा विकली गेली म्हणून मी तिला कवाच सांगितलंय."

दुपारी बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला. तांबूनं कान हलवला. यल्लव्वा मात्र पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळली. सुनंदाबाईंनी विचारलं, तेव्हा निपाणीचं सगळं बाहेर आलं.

"घरात येऊन बसलेली लक्ष्मी टेंपोत घालायची?" त्या लेकावर उखडल्या. "गाडी बाहेर लाव. पार्किंगमध्ये हिला जागा कर."

"आई, ते पार्किंग आहे."

"मग करू दे की पार्क!"

टेंपो रिकामा परतला. तांबू साडेतीनला उठली, तीही भूक लागली म्हणून.

पुढच्या आठवड्यात पालिकेचा माणूस अर्ज घेऊन आला. यल्लव्वा पार्किंगमध्ये चारा टाकत होती. तिचा हात थांबला. सूर्यकांत ऑफिसला निघाला होता. तो पुढं झाला.

"तक्रार कुणाची?" पालिकेच्या माणसानं विचारलं.

"माझीच."

"मग ही गाय इथं कशी?"

"तेव्हा मी भाड्याच्या घरात राहत होतो. आता हिच्या घरात राहतो," सूर्यकांत म्हणाला आणि अर्ज मागं घेतल्याची सही करायला त्यानं पेन मागितलं.