खालच्या मामांचे टॅपेट

शांततेला घाबरणारा मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे आमचे खालचे मामा. लोक सापाला घाबरतात, अंधाराला घाबरतात, काही शहाणे बायकोला घाबरतात. मामांना मात्र एखादी वस्तू वाजेनाशी झाली की घाम फुटतो. त्यांच्या घरातला जुना पंखा कुरकुरत फिरतो तोवर ते त्याच्याखाली गाढ झोपतात. मुलीने हौसेने नवा, आवाज न करणारा पंखा आणून दिला, तेव्हा तो चालू आहे की नाही याची खात्री करायला ते दर थोड्या वेळाने उठून बसू लागले आणि अखेर तो पाहुण्यांच्या खोलीत रवाना झाला. समोरच्या घरातलं तान्हं बाळ दुपारभर रडलं नाही तर मामींना चौकशीला जावं लागे. "वाजतें तें धड असतें मा," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं. "न वाजणाऱ्याची भीति धरावी."

बँकेने माझी बदली सांगलीहून थेट चेन्नईला केली आणि मी वेलचेरीत पहिल्या मजल्यावरचं घर घेतलं, तेव्हा खाली कोणी मराठी बोलत असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मामा तंजावरकडचे. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण ती अशी की पहिले काही दिवस एखाद्या बखरीला पाय फुटून ती माझ्याशी बोलायला आली आहे असं वाटायचं. वाक्याचा सूर तमिळ, शब्द आजोबांच्या आजोबांचे, आणि प्रश्न विचारताना शेवटी एक लांबट 'आ'. इथल्या रिवाजाप्रमाणे काका-काकू कोणी नसतं, सगळे मामा-मामी. म्हणून तेही मामा झाले आणि मी त्यांची 'मा', तमिळमधली मुलींना लाडाने मारायची हाक. मामांचा जन्म एका सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात गेला. दुसऱ्याने नीट केलेल्या कामात चूक शोधण्याचा त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळे. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, शोध थांबला नाही.

या शोधाचं मुख्य केंद्र म्हणजे त्यांची छोटी मोटरसायकल. इंजिनात हवा आत घेणारी एक आणि धूर बाहेर सोडणारी एक अशा दोन झडपा असतात, आणि झडप व तिला दाबणारा दांडा यांच्यामध्ये कागदाच्या जाडीची फट ठेवावी लागते, एवढं यंत्रज्ञान मी मामांच्या कृपेने आत्मसात केलं आहे. ही फट नीट राखणं म्हणजे टॅपेट सेट करणं. फट मोठी झाली की टॅपेट टिकटिक करतात. फट बुजली की ते गप्प होतात आणि झडप मुकाट्याने जळून जाते. इतर लोक हे काम वर्षा-दोन वर्षांत एकदा मेकॅनिककडून करून घेतात. मामा दर रविवारी सकाळी स्वतः करत. मेकॅनिकवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण मेकॅनिक गरम इंजिनावर टॅपेट सेट करतात. हे काम गार इंजिनावरच व्हायला हवं, आणि चेन्नईत गार म्हणावं असं काही शोधणंच मुळात कठीण. म्हणून शनिवारी दुपारनंतर गाडीला कोणी हात लावायचा नाही. मामींना देवळात जायचं असेल तर शेअर ऑटो. रविवारी उजाडलं की मामा इंजिनावर तळहात ठेवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि समाधान झालं की सतरंजी अंथरून बसत. मग मापाची पोलादी पट्टी, म्हणजे गेज, त्या फटीत सरकवायची, स्क्रू किंचित फिरवायचा, पट्टी ओढून बघायची. किती घट्ट असावी हे त्यांनी मला असं समजावलं होतं: "ओढली तर यावी, पण तिला यायला आवडूं नये."

या सोहळ्याची मी कायमची प्रेक्षक झाले ती पावसामुळे. वेलचेरीत पाणी भरण्याचा इशारा आला की लोक आपल्या मोटारी उचलून उड्डाणपुलावर नेऊन ठेवतात. अख्खा पूल वाहनतळासारखा दिसतो. मामांना हे पटत नाही. पुलावर गाडी एकटी पडते. म्हणून त्यांनी जिन्यावर फळ्या टाकल्या, वॉचमनला मागून ढकलायला लावलं आणि मोटरसायकल थेट माझ्या दारात आणून उभी केली. पाणी काही आलं नाही, पण गाडी आठवडाभर माझ्या पायपुसण्यावर राहिली आणि रविवारी तिथेच तिचे टॅपेट उघडले गेले. मी दार उघडलं तर समोर मामा, हातात पट्टी. "बरी आलीस मा. स्टूल आण, बस. तुझा कान बघूं." माझा कान त्यांना पसंत पडला असावा, कारण गाडी खाली गेल्यावरही रविवारचं आमंत्रण चालू राहिलं. मामी पितळी पेल्यात कॉफी आणून देत आणि "पोदुम, पुरे आतां, किती छळायचें त्या पोरीला," असं म्हणून आत जात.

पट्टीने माप झालं तरी काम संपत नसे. गाडी चालू करून, डोकं तिरकं करून, डोळे मिटून मामा ऐकत. पट्टी सांगते, पण कान ठरवतो, हा त्यांचा कायदा. गेल्या वर्षी कधीतरी या ऐकण्यात काहीतरी बिनसलं. पट्टीने बेताची फट ठेवावी, गाडी चालू करावी आणि मामांचा चेहरा उतरावा. "गप्प आहे. कांहीं बोलत नाहीं." मग गाडी बंद, दुसऱ्या दिवशी गार होईपर्यंत तळमळ, आणि फट थोडी आणखी सैल. पुन्हा तेच. पट्टी झिजून पातळ झाली असणार, त्यामुळे फट कमी पडते, असा निष्कर्ष काढून त्यांनी नवी पट्टी आणली. मग तीही खोटी ठरवून आणखी एक आणली. तोवर गाडीची अशी गत झाली होती की चालू केली की कोणीतरी डब्यात सुपाऱ्या घालून हलवतंय असं वाटे. तिसऱ्या मजल्यावरचे लोक गॅलरीत येत. मी एकदा भीत भीत म्हटलं, "मामा, जरा जास्तच वाजतंय का?" त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "ती चेन मा. टॅपेट नव्हें." आणि त्यांनी चेनला तेल घातलं.

मला हसू येत असे, ते एके दिवशी पार आटलं. मामा-मामी दर रविवारी दुपारी डांगराचा डबा घेऊन सिरुसेरीला मुलीकडे जातात; ती तिथे सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एका सोमवारी मामी माझ्या घरी आल्या, बसल्या नाहीत, उभ्याउभ्याच बोलल्या. आदल्या दिवशी हमरस्त्यावर पाण्याचा टँकर मागून हॉर्न वाजवत होता. सारखा. मामा मधोमध चालले होते, निवांत. मामींनी पाठीत गुद्दे घातले तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि वळून विचारलं, "काय झालें? डबा सांडला आ?"

"त्यांस ऐकूंच आलें नाहीं," मामी म्हणाल्या. "घरींहि आतां दोनदां सांगावें लागतें. मी बोललें तर म्हणतील, ही भित्री. लेकीला कळलें तर ती गाडी विकेल. तूं सांग. तुझा कान ते मानतात."

त्या आठवड्यात माझं कशात लक्ष लागलं नाही. ग्राहकांच्या सह्या तपासताना मला टँकर दिसे. मी सांगितलं नाही तर येत्या रविवारी ही दोन माणसं त्याच रस्त्यावर जाणार. आणि सांगितलं तर ज्या माणसाचं अख्खं आयुष्य कानावर चाललं, त्याला त्याचाच कान नापास झाल्याचं मी सांगणार. शुक्रवारी मी सांगायला म्हणून खाली गेले आणि कढीपत्ता मागून वर आले. शनिवारी पुन्हा गेले, तर मामांनी कोणत्या पट्टीवर विश्वास ठेवावा याची चर्चा माझ्याशी तासभर केली.

रविवारी मी स्टुलावर जाऊन बसले. सगळ्या पट्ट्या मामांनी सतरंजीवर शेजारी शेजारी मांडल्या होत्या. एकेक करून त्यांनी त्या फटीत घालून पाहिल्या. त्या सगळ्यांना फट ढळढळीत सैल होत होती. त्यांनी गाडी चालू केली. सगळी इमारत खडखडू लागली. मामांनी डोळे मिटले, उघडले, माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा मी सांभाळू शकले नाही. त्यांनी गाडी बंद केली.

"अस्कीं गेजें, सगळींच्या सगळीं, चूक असणार नाहींत," ते हळू म्हणाले. कारखान्यातल्या आवाजात, कोणा तिसऱ्याच्या कामाविषयी बोलावं तसं. "नवें गेज चूक नाहीं, जुनें चूक नाहीं. मग इंजिन ऐकणारा राहिला. खरें सांग मा. वाजतें आ?"

"वाजतं, मामा," मी म्हटलं. "फार वाजतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं."

"केव्हांपासून?"

"बरेच महिने झाले."

त्यांनी मान हलवली. नापास मालावर शिक्का मारताना ते कधी रागावले नसतील, तसे आताही रागावले नाहीत. इंजिन गार होण्याची वाटही न पाहता पट्टी घेतली, फट बेताची केली, नट आवळले, झाकणं लावली. गाडी चालू करून पाहिली नाही. दारात मामी उभ्या होत्या, डबा भरून तयार. मामांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "मागें तूं बसतेस," ते म्हणाले. "पुढच्याला ऐकूं यायला पाहिजे. ऑटो बोलावतों." मामींनी पदर तोंडाला लावला, आणि मी वर पळून आले, कारण मला तिथे रडायचं नव्हतं.

पुढे मुलगी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली, कानात यंत्र आलं. त्यात सगळी वेलचेरी ऐकू येते, बस, भोंगे, कुत्री, मामींचं स्वयंपाकघर, पण टॅपेट तेवढे ऐकू येत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. गाडीवर ते पुन्हा बसले नाहीत. विकलीही नाही. रविवार उजाडला की सतरंजी मात्र अंथरली जाते, झाकणं निघतात, पट्टी सरकते. गाडी चालू केली की मामा आता डोळे मिटत नाहीत, माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतात. मी मान डोलावली की ते गाडी बंद करून हत्यारं आवरतात.

परवा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, गाडी महिनोन्‌महिने जागची हललेली नाही. न चालणाऱ्या गाडीची फट कशाने बदलेल?"

मामांनी हात पुसले. चेहऱ्यावर तो तपासणी विभागाचा गंभीरपणा होता, पण डोळे माझ्याकडे नव्हते.

"बदलत नाहीं मा. तें मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण टॅपेट उघडले म्हणजे तूं खालीं येतेस."

मी स्टूल जरा पुढे ओढलं, नीट बसले आणि यंत्रातूनही ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हटलं, "चालू करा, मामा. ऐकते मी."