त्यांना गोल्फची आवड होती म्हणे

वहिनी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. ‘कै. वसंतराव माने यांच्या पत्नी श्रीमती माने यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्या मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या होत्या. त्यांना गोल्फची आवड होती.’ सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात माणसं बसलेली होती. कुणीतरी तो पेपर माझ्या हातात दिला आणि मी शेवटच्या वाक्यापाशीच अडकले. आवड... मला गुळाच्या चहाची आवड आहे. शेजारच्या काकांना कुंड्यांत मोगरा लावायची आवड आहे. भागीरथी माने ही बाई लागोपाठ तीन वर्षं महिलांच्या राज्य स्पर्धेत पहिली आली होती. आमच्या गावातून गोल्फ खेळायला बाहेर पडलेली ती पहिली बाई. आणि चार ओळींत तिचं स्वतःचं नावसुद्धा नव्हतं. याला आता दीड महिना झाला. राग निवला असेल असं समजून लिहायला बसले, पण निवलेला नाही.

मी त्यांची धाकटी नणंद. त्या लग्न होऊन आमच्याकडे आल्या तेव्हा मी शाळेत होते. त्यांचं माहेर मंगळवेढ्याचं, घरची ज्वारीची शेती. वसंतदादा, माझा थोरला भाऊ, गिरणीत इंजिनिअर होता आणि वरच्या साहेबांच्या मर्जीमुळे त्याला गावाबाहेरच्या गोल्फ क्लबाचं सभासदत्व मिळालं होतं. क्लब म्हणजे काय, तर नऊ होलांचं माळरान. हिरवळ नावालाही नाही. होलाभोवती तेल कालवलेली वाळू थापून गुळगुळीत केलेली असायची. पुरुष खेळायचे आणि त्यांच्या बायका व्हरांड्यात बसून भजी खायच्या. दादाला खेळ फारसा जमत नव्हता. एका संध्याकाळी त्याने तीन चेंडू एकामागून एक समोरच्या ओढ्यात घातले आणि व्हरांड्यातून वहिनी उठून गेल्या. “द्या की मला. बघू,” म्हणाल्या. दादाच्या मित्रांनी हसून वाट करून दिली. चेंडू ओढ्यावरून गेला, पलीकडच्या बाभळीवरून गेला आणि हसणं तिथल्या तिथे थांबलं. घरी आल्यावर मी विचारलं, वहिनी, हे तुम्ही कधी शिकलात? त्या भाकरी थापत होत्या. “शिकायचं काय त्यात, वन्सं. लहान असताना जोंधळ्यातल्या माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायची मी, गोफणीनं. धोंडा कुटं पडंल ते हातातनं सुटायच्या आधीच ठावं असतंय. ह्येबी तसलंच हाय.”

दादाचा मोठेपणा एवढाच की तो त्या दिवशी हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःची पिशवी वहिनींच्या हातात दिली. पण क्लबाचा नियम असा, की सभासदांच्या पत्नींनी दुपारी दोन ते चार एवढ्या वेळातच खेळावं. सोलापुरातल्या एप्रिल-मेमधले दोन ते चार. ज्या वेळेला एकही पुरुष घराबाहेर पाऊल टाकत नाही, ती वेळ मोठ्या मनाने बायकांना दिलेली. इतर कुणी फिरकायचंच नाही. वहिनी मात्र स्वयंपाक, धुणं आटोपून जायच्या. पाचवारी साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला दादाचा पंचा. चार वर्षं अशी गेली. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे पडले आणि चेंडू सांगाल तिथे पडायला लागला.

पहिल्या राज्य स्पर्धेला पुण्याला त्यांच्यासोबत मी गेले होते. तिथल्या बायका पँट घातलेल्या, टोप्या घातलेल्या, आपसांत इंग्रजीत बोलणाऱ्या. नाव नोंदवायच्या टेबलावरच्या बाईंनी वहिनींकडे आणि त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं आणि विचारलं, “तुमच्या मॅडम कुठे आहेत?” वहिनी म्हणाल्या, “मीच हाय.” एवढंच. मला रडू आवरत नव्हतं, त्या मात्र बुटाची नाडी बांधत होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच बाईंनी त्यांच्या हातात चषक दिला. गावी परतल्यावर क्लबाच्या दिवाणखान्यात विजेत्यांच्या लाकडी फळ्यावर सोनेरी रंगात नाव लागलं: मिसेस व्ही. आर. माने. वहिनींनी ते वाचायला मला सांगितलं आणि म्हणाल्या, “व्ही. आर. म्हंजे तुमचे दादाच की. त्यांनी कवा जिंकलं?” त्या हसल्या म्हणून मीही हसले. पुढे आणखी दोन वर्षं त्या जिंकल्या आणि तेच नाव आणखी दोनदा लागलं. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी देशपातळीवरच्या स्पर्धेसाठी त्यांची निवड झाली. त्याच हिवाळ्यात दादा गिरणीत काम करताना छातीत कळ येऊन कोसळला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला. महिना झाला नसेल, क्लबाचं पत्र आलं. पहिल्या ओळीत शोक, दुसऱ्या ओळीत ‘सभासदाच्या निधनामुळे कुटुंबीयांच्या सवलती संपुष्टात येत आहेत’. वहिनी मला घेऊन क्लबात गेल्या. सेक्रेटरी चहा पीत होते. दादाच्या पंगतीला बसणारा माणूस, आमच्या घरी कितीदा जेवून गेलेला.

“बायकांना स्वतंत्र सभासदत्व नाही, वहिनी. नियमच नाही. मी काय करणार?”

“मग स्पर्धेच्या फॉर्मवर सही तरी द्या. क्लबाची सही लागती म्हनं.”

“जो सभासदच नाही त्याच्या फॉर्मवर सही कशी देऊ?”

वहिनींनी भिंतीकडे हात केला. “त्या फळ्यावर तीनदा हाय की मी.”

सेक्रेटरींनी मान वळवून फळ्याकडे पाहिलं. “ते माने साहेबांमुळे,” म्हणाले आणि उरलेला चहा संपवला.

घरी आई म्हणाली, “झालं ते बरंच झालं. नवरा गेल्यावर बाईनं माळावर चेंडू मारत हिंडायचं म्हणजे...” आणि मी? मी तेव्हा शाळेत शिक्षिका होते. मुलींना स्त्री-पुरुष समानतेवर निबंध लिहायला लावत होते. मी म्हटलं, वहिनी, आता राहू द्या. तेव्हा त्या सदतीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचा खेळ नुकता कुठे बहरात आला होता. सेक्रेटरीवर रागावून मी आज हे लिहिते आहे, पण त्या रागातला माझा वाटा मला दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता येत नाही.

वहिनींनी ते राहू दिलं नाही. जवळच्या होटगी गावात त्यांच्या चुलत भावाचं एक खडकाळ रान पडीक होतं. तिथे त्यांनी तुपाचे रिकामे डबे जमिनीत पुरून चार होल केले, गॅरेजमधलं जळकं तेल आणून वाळूत कालवलं आणि स्वतःच्या हाताने ती थापली. आधी त्या एकट्याच खेळायच्या. मग रेल्वेच्या क्वार्टरमधल्या, आसपासच्या वस्तीवरच्या मुली शेळ्या सोडून बघायला थांबू लागल्या. वहिनींनी बाभळीच्या काठ्या तासून त्यांना दिल्या. पस्तीसेक वर्षं त्या दर रविवारी बसने होटगीला जात होत्या. नसीम ही त्यांतलीच एक, रेल्वेतल्या खलाशाची मुलगी. ती पुढे देशपातळीवर खेळली, खेळाडूंच्या कोट्यातून तिला सरकारी नोकरी लागली आणि आज होटगीचं ते रान तीच चालवते. वहिनी जी स्पर्धा खेळू शकल्या नाहीत, ती नसीम दोनदा खेळली. दोन्ही वेळा वहिनी गावात टीव्हीसमोर बसून राहिल्या. ती स्पर्धा टीव्हीवर दाखवत नाहीत हे माहीत असूनही.

तीन आठवड्यांपूर्वी क्लबाने शोकसभा घेतली. मला बोलावलं म्हणून गेले, नसीमही आली. फोटोला हार होता, समया होत्या. आताचे सेक्रेटरी तरुण, बोलायला गोड. ‘पतीच्या प्रोत्साहनामुळे माने वहिनींनी आपला छंद जोपासला’ असं ते म्हणाले. ‘आमच्या क्लबाची शान’ असंही म्हणाले. मग त्यांच्या नावाने महिलांसाठी चषक ठेवायचं जाहीर केलं: श्रीमती व्ही. आर. माने स्मृती चषक. टाळ्या झाल्या. नसीम उठून उभी राहिली. आवाज अजिबात चढवला नाही तिने. “बाईंचं नाव भागीरथी होतं, सर. आणि त्यांना हितनं काढलं होतं. तेबी सांगा की.”

सेक्रेटरी अवघडले. “ते फार जुनं आहे, मॅडम. आता तसं काही नाही. आता महिलांनाही सभासदत्व आहे, नियम बदललाय.”

मी विचारलं, “कधी बदलला?”

“झाली असतील... बारा वर्षं.”

“मग वहिनींना कळवलं होतं?”

सेक्रेटरींनी समईची वात पुढे सारली. बारा वर्षं. रिक्षाने वीस मिनिटांवर ही बाई राहत होती. गुडघे धरेपर्यंत त्यातली सात-आठ वर्षं तरी ती त्या मैदानावर खेळू शकली असती, सकाळच्या गारव्यात, पुरुषांच्या वेळेला, स्वतःच्या नावाने. यांना फक्त एक पोस्टकार्ड टाकायचं होतं. दार उघडलं आणि जिच्यासाठी उघडायला हवं होतं तिला सांगायचं मात्र विसरले. विसरले म्हणजे काय... ती त्यांच्या लक्षातच नव्हती. मी म्हटलं, चषक राहू द्या, आधी फळा दुरुस्त करा. तिन्ही ओळी. ते ‘कमिटीपुढे ठेवतो’ म्हणाले. अजून पत्र आलेलं नाही. मी दर सोमवारी फोन करते आणि करत राहणार आहे. एकदा गप्प बसून पाहिलं आहे.

वहिनींची खोली वरच्या मजल्यावर आहे आणि जिन्यापासून तिथपर्यंत शहाबादी फरशीचा एक अरुंद बोळ आहे. होटगीला जाणं बंद झाल्यापासून त्या रोज सकाळी त्या बोळात दहा चेंडू ढकलायच्या, टोकाला आडव्या ठेवलेल्या पितळी पेल्यात. खाली मला पेल्याचा आवाज ऐकू यायचा. दहापैकी आठ, नऊ. मागच्या आठवड्यात माझा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा, गवंड्याला घेऊन आला, वरचा मजला भाड्याने द्यावा म्हणतो. गवंड्याने फरशीवर पाणी ओतून पाहिलं आणि म्हणाला, “लेव्हलला न्हाय ही, डावीकडं उतरलीया. उकरून नीट बसवू.” मी दोघांनाही चहा पाजून परत पाठवलं. रविवारी नसीम होटगीच्या दोन मुलींना घेऊन आली होती. चपला जिन्यात काढून त्या तिघी आळीपाळीने त्या बोळात खेळत बसल्या. पहिला चेंडू तिघींचाही डावीकडे गेला.