बारशाला आईला कोण विचारतं

आमच्या घरात पोरापोरींची नावं मी ठेवते. ठेवत होते, असं म्हणा आता. तिन्ही भावांच्या लेकरांना मीच एकटी आत्या. पाळण्याशी वाकून कानात कुर्र करायचा मान माझा, आणि मान माझा म्हणून नावही माझंच. शाळा चौथीत सुटली होती, पण पुढे जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून एक जाडजूड शब्दकोश आणला आणि पोथी वाचावी तसा वाचून काढला. तेव्हापासून नावाच्या अर्थाबद्दल मला कोणी शिकवलेलं चालत नाही.

गेल्या वर्षी धाकट्या भावाच्या मुलाला मुलगी झाली. या भाच्याला सख्खी बहीण नाही, म्हणून मान पुन्हा माझ्याकडे. तो अमरावतीला राजापेठेत राहतो, मी अकोल्याला. त्याचा फोन आला.

"आत्या, नाव फायनल झालं. तुले फक्त कानात सांगायचं आहे."

"फक्त? आन् काढलं कोनं?"

"नावाचे तज्ज्ञ आहेत एक. तुह्या जठारपेठेतच बसतात."

माझ्या जठारपेठेत नावाचा तज्ज्ञ, आणि मला माहीत नाही! दुसऱ्याच दिवशी गेले. मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानावर एक जिना, वर काचेचं दार, आत गार हवा आणि तिशीतला एक टाय लावलेला माणूस. हाच माणूस आधी घरोघरी पाणी शुद्ध करायची मशीन विकत फिरायचा. माझ्या ओट्यावर बसून चहा पिऊन गेला होता, मशीन मी घेतली नव्हती. त्यानं मला ओळखलं नाही. मी ओळखलं.

म्हणाला, "मावशी, नाव आहे आरविशा. अर्थ, सूर्याच्या किरणांवर बसलेली लक्ष्मी."

"कोन्या भाषेतलं?"

"संस्कृत. प्राचीन."

"माह्या शब्दकोशात नाही ते."

"इतकं प्राचीन शब्दकोशात नाही भेटत."

"प्राचीन म्हनजे कधीचं? मागच्या मंगळवारचं?"

तो हसला. असल्या माणसांना लाज नसते, त्यांना हसू असतं. त्यानं मला संगणकावर याद्याच दाखवल्या. हजारो नावं, आणि अर्थ मोजून चार: राजकन्या, परी, लक्ष्मी, देवाची भेट. अहो, सगळ्याच राजकन्या झाल्या तर भांडी कोण घासणार? आमच्या लहानपणी धोंडी म्हणजे धोंडाच होता. आधीची दोन-तीन लेकरं गेलेली असायची, ही तरी दगडासारखी टिकून राहावी म्हणून ठेवलेलं नाव. आणि चौथी-पाचवी मुलगी झाली की 'आता पुरे' असं देवाला सांगणारं नाव तिला ठेवायचे. ते ठेवणारेही काही संत नव्हते, नीचच होते. पण खोटं तरी बोलत नव्हते. हा टायवाला आईबापांच्या नावांचे तुकडे पाडून कालवतो आणि वर संस्कृतची फोडणी देतो.

घरी आले आणि शब्दकोश काढला. तीन दिवस बसले आणि एक नाव शोधलं. भारदस्त, अर्थ खणखणीत, मूळ पक्कं. चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये टाकलं. कानात सांगणारी मी. एकदा मी मोठ्यानं बोलले की भाचा काय करणार होता?

बारशाच्या सकाळी अमरावतीला पोचले तर भिंतीवर सोनेरी फुगे. एकेका फुग्याचं एकेक अक्षर, आ-र-वि-शा. टेबलावर स्टीलचे डबे रचलेले, झाकणावर नाव आणि खाली ती किरणांवर बसलेली लक्ष्मी. त्या डब्यांतून घुगऱ्या वाटायच्या. पोरीच्या कानात जायच्या आधी नाव झाकणावर छापून तयार! आमची वहिनी, म्हणजे बाळाची आजी, डबे पुसत होती. पुसत कसली, कुरवाळत होती.

"पाह्यलं का बाई, कसं दिसून राह्यलं?"

"दिसून राह्यलं, मिठाईच्या दुकानावानी," मी म्हटलं.

आतल्या खोलीत भाच्याची बायको पोरीला तेल लावत होती. पोरगी दिवस भरायच्या दोन महिने आधीच झालेली, म्हणून बारसंही लांबलं होतं. मी दार लोटलं आणि चिठ्ठी तिच्यापुढे धरली. वाटलं, सून खूश होईल.

तिनं वाचली आणि तेलाच्या वाटीखाली ठेवून दिली.

"आत्या, तुमी आमच्या घरात चार लेकरांची नावं ठेवली ना?"

"चार. एकाहून एक."

"त्यातल्या कोन्या आईले इचारलं होतं?"

मी म्हटलं, "अवं, आईले काय इचारायचं? नाव आत्याचं असते." तोंडातून निघालं आणि माझंच मला ऐकू आलं. त्या टायवाल्यासारखंच गुळगुळीत.

ती पोरीचे पाय चोळत राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे पोरगी दवाखान्यात काचेच्या पेटीत होती तवा नऊ दिवस मले हात लावू देल्ला नाही. मी बाहेर खुर्ची घेऊन बसो. काहीतरी म्हनून बोलवा लागे ना तिले? मी एक नाव धरलं. नऊ दिवस तेच म्हनलं. आता मी दुसरं कसं म्हनू?"

"त्याचा अर्थ काय?"

"मले नाही माहीत."

"नवऱ्याले सांगतलं?"

"सांगतलं. ते म्हनतात, घरात म्हन, कागदावर आरविशा."

मी नाव विचारलं. तिनं सांगितलं. खरं सांगते, मला मुळीच आवडलं नाही. दोन अक्षरी, राजापेठेच्या चौकात हाक मारली तर चार पोरी आणि एखादी कुत्री वळून बघेल असं. अर्थ धड नाही, मूळ कुठलं देव जाणे. ते नाव इथे लिहीत नाही; पोरीचं आहे, मोठी झाली की तिचं ती सांगेल.

दुपारी पाळणा सजला. वरवंटा पाळण्याखालून वर देताना बायांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या सुरू केलं. पोरगी असली तरी गोविंद-गोपाळच. इतक्या वर्षांत कोणाला खटकलं नाही, मलाही नाही. मग मी वाकले. पर्स खांद्याला होती, चिठ्ठी तेलाच्या वाटीखाली. भाचा मोबाइल धरून शूटिंग करत होता. मी कुर्र केलं, आईनं ठेवलेलं नाव पोरीच्या कानात सांगितलं, आणि उभी राहून सगळ्या बायांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं.

बायांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भाच्याचा हात खाली आला.

"आत्या, चुकली तू."

"मी नाही चुकली. इचार तुह्या बायकोले."

तिनं फक्त मान डोलावली, पोरीला पाळण्यातून उचललं आणि दूध पाजायला आत गेली.

रीतीप्रमाणे बाया माझ्या पाठीत धपके घालायला लागल्या. इतर बायांचे हलके होते. वहिनीनं असा हाणला की मी पाळण्याची दोरीच धरली.

"लय शहानी झाली का बाई आज? माह्या पोराच्या बारशाले मले इचारलं होतं तुमी?"

"नाही इचारलं."

"दवाखान्यापासून मनात धरून ठेवलं होतं मी एक. तुमी शब्दकोश घेऊन आल्या आन् मोकळ्या झाल्या."

"काय धरलं होतं?"

तिनं डब्यांकडे पाहिलं, मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या आपल्या पोराकडे पाहिलं, आणि माझ्या कानाशी येऊन ते नाव सांगितलं. चांगलं होतं. मी ठेवलं त्यापेक्षा पुष्कळ चांगलं.