मास्तरांच्या पाठीमागे उभा राहून

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती शेवटची आजारी होती, तेव्हाही नाही. आज तुम्हाला सांगतो.

कुरखेड्याकडे आमचा लग्नाचा बँड होता. वामनभाऊ आमचे मास्तर. मला ट्रम्पेट धरायला त्यांनीच शिकवलं. पन्नाशीतच त्यांचे पुढचे दात गेले — आणि पुढचे दात नसले की ट्रम्पेट वाजत नाही, नुसती हवा निघते. पण लोक बँड सांगायचे तो मास्तरांच्या नावावर. मग आम्ही एक रीत पाडली. मास्तर ट्रम्पेट तोंडाला लावून पुढे उभे राहत, गाल फुगवत, चाव्यांवर बोटं चालवत. वाजवायचो मी, बरोबर त्यांच्या पाठीमागे उभा राहून. चार लगीनसराया अशा गेल्या. बाहेर कुणाला कळलं नाही.

मला काय कमी होतं? काहीच नाही.

चामोर्शीकडच्या एका गावी, भर दुपारी, वरात मांडवाच्या दारात थांबली. नवरीच्या मामाने मास्तरांना फेटा बांधला. म्हणाला, "या वयात असा दम, बाप्पा. मागच्या पोट्ट्यायनो, शिका काही." मास्तरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. काय म्हणायचं होतं त्यांना? मी नजरेला नजर दिली नाही.

मग मामाने एकट्या ट्रम्पेटची फर्माईश केली. बाकीचा बँड थांबला. मी सुरुवात केली, आणि अर्ध्या कडव्यात — ओठ काढून घेतला. मुद्दाम.

मास्तरांची बोटं चालतच राहिली. गाल फुगलेले. आवाज नाही.

"बुढ्याचा बाजा उपाशी हाय काय?" कुणीतरी म्हणालं.

"बाजा नाई, बुढाच रिकामा हाय."

सारा मांडव हसला. नवरदेवही. मास्तर वळले नाहीत. मी त्यांच्या शेजारून पुढे आलो आणि राहिलेलं गाणं सगळ्यांसमोर वाजवलं. चांगलं वाजवलं.

परतताना ट्रॅक्टरमध्ये मी म्हणालो, "चावी अटकली होती जी, मास्तर."

"होते बाबू असं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तेलाची बाटली घेऊन माझ्या घरी आले. ओसरीवर बसून माझ्या ट्रम्पेटच्या तिन्ही चाव्या काढल्या, फडक्याने पुसल्या, थेंब थेंब तेल सोडलं, बसवून पुन्हा पुन्हा दाबून पाहिल्या. एकही अडकत नव्हती. इतकी वर्षं वाजवलेला माणूस — त्यांना कळलं नसेल?

"आता नाई अटकनार," म्हणाले. मग जरा थांबून, "पुढच्या लग्नापासून तूच समोर उभा राय."

मी नको म्हटलं नाही. सगळीकडे सांगितलं, मास्तरांनी स्वतःहून बँड माझ्या हाती दिला. लोक अजून तसंच सांगतात. चावी अडकली नव्हती.

त्या लग्नानंतर लोक त्यांना 'मुका मास्तर' म्हणू लागले. ते मरेपर्यंत म्हणत राहिले. बाजारात, चहाच्या टपरीवर कुणी तसं म्हटलं की सगळे हसायचे — आणि त्यांच्याबरोबर मीही.