बालवाडीची मावशी आणि ब्लॉगचा पत्ता

निवृत्त होऊन घरी बसलोय, पण मुलुंडची ती दुपार आठवली की अजून छातीत धस्स होतं, आणि मग लगेच हायसं वाटतं. नावं कुणाचीच लिहीत नाही.

मी तेव्हा तिथे वरिष्ठ निरीक्षक होतो. डबा उघडला, तोच फोन आला. "साहेब, वस्तीत पोरं पळवणारी बाई पकडलीय. लवकर या, नाहीतर पब्लिक मारून टाकेल!" डबा तसाच टाकून गाडी काढली. साठीकडे झुकलेली बाई, पदर फाटलेला, बाजूला दोन रडणारी पोरं आणि भोवती शंभरेक माणसं. तिला कसंबसं गाडीत घातलं. गर्दी मागोमाग ठाण्याच्या फाटकाशी आली.

बाई बालवाडीत मुलांची ने-आण करायची. कामाला लागून चारच दिवस झाले होते, म्हणून वस्तीत ओळखणारं कुणी नाही. बालवाडीच्या शिक्षिकेने खात्री दिली, पोरं आयांकडे पोचली. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण प्रत्येकाच्या मोबाईलवर एका ब्लॉगचं पान फिरत होतं : 'सावधान! घाटकोपरमधून दोन मुलं पळवणारी हीच ती बाई.' खाली तिचाच फोटो, हाताशी दुसरीच दोन मुलं.

मी तिला तासभर फैलावर घेतलं.

"फोटोतली ही पोरं कुणाची?"

"साहेबानू, माझ्या जुन्या बालवाडीची. ती बंद पडली."

आईबापांची नावं विचारली, तर तिला फक्त पोरांची लाडाची नावं आठवत होती. माझा संशय वाढला, खोटं कशाला बोलू? मग घाटकोपरला चौकशी केली. मुलं हरवल्याची एकही तक्रार नव्हती. ते बाहेर सांगितलं, तर लोक म्हणाले, पोलीस प्रकरण दाबतायत!

ब्लॉग लिहिणाऱ्याला बोलावून घेतलं. घाटकोपरचा तरुण, छाती पुढे काढून आला. "फोटो कालचाच आहे. आपला सोर्स पक्का आहे, यार."

"यार कुणाला म्हणतोस रे? बस खाली!"

आमची एक महिला शिपाई स्वतः मालवणी जेवणाचा ब्लॉग लिहायची. ती मोबाईलच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "साहेब, बातमी सोडा. पानाचा वरचा पत्ता वाचा ना, लिंक."

पत्ता इंग्रजी अक्षरांत होता, पण शब्द मराठी, मध्ये आडव्या रेघा : बालवाडी, मावशी, मुलांना, शाळेत, नेते. मी दोनदा वाचला. तिने समजावलं, "आम्ही लेखाच्या मथळ्यातले शब्दच पत्त्यात घालतो. वाचणाऱ्याला आत काय आहे ते कळतं, शोधणाऱ्याला लेख सापडतो. मथळा नंतर बदलता येतो, पण पत्त्याला कुणी हात लावत नाही. बदलला तर शोधात वर आलेला लेख हरवतो." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "जुना लेख पुसून त्याच्यावरच लिहिलंस ना रे?"

त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, तो लेख शोधात सगळ्यात वर यायचा. नवीन पत्ता केला असता तर कोण वाचणार होतं?"

दोन वर्षांपूर्वी त्यानेच या मावशीचं कौतुक लिहिलं होतं, आणि आता वाचक मिळवायला तोच फोटो अफवेला चिकटवला होता. जुना मजकूर त्याच्या खात्यात जपलेला निघाला. पंचांसमोर उघडला. तोच फोटो, आणि खाली दोन्ही मुलांच्या आईबापांची नावं! एका आईला फोन लावला. ती ओरडलीच, "मावशीला पकडलंय? अहो, माझी पोरगी तिच्याच हाताखाली वाढली!"

मी खुर्चीत मागे टेकलो. इतकं मोकळं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. पंचनामा केला, अफवा पसरवल्याचा गुन्हा नोंदवला, स्टेशन डायरीत नोंद केली.

या प्रकरणाने मला शिकवलं की बावचळलेल्या माणसाला उत्तर आठवत नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही. मी तिला दरडावण्यात जो तास घालवला, तो ते पान नीट बघण्यात घालवायला हवा होता.

मावशीपुढे उभा राहून म्हणालो, "चुकलं माझं." नोकरीत असं कधी म्हटलं नव्हतं.

तिने डोळे पुसले आणि आपल्या मालवणीत म्हणाली, "माफी माका कित्याक? भायर जावन तेंका सांगा. उद्या सकाळी माका पोरां घेवन जावची आसत."

त्या ब्लॉगवाल्याला घेऊन फाटकावर गेलो आणि जुना लेख त्यालाच मोठ्याने वाचायला लावला. तेव्हा मघाशी सगळ्यांत जास्त ओरडणारी एक बाई पुढे आली, मान खाली घालून म्हणाली, "मावशी, उद्या माझ्या पोराला पण न्याल का?"

मावशी म्हणाली, "नऊक तयार ठेव."