टपावरच्या दांड्या

सकाळी गाडी पुसत होतो. बायकोसोबत नवी गाडी घ्यायला निघालेला शेजारचा निखिल थांबला. "काका, टपावरच्या या दांड्यांचा खरंच उपयोग होतो का हो?"

माझ्या बायकोच्या, मालतीच्या हट्टानं त्या घेतल्या होत्या. "निवृत्तीनंतर खूप भटकायचं. सामान वर बांधू," ती म्हणायची. बांधलं एकदाच. ती गेल्यावर तिची आरामखुर्ची वृद्धाश्रमात पोचवली, तेव्हा. वाटेत दोरी करकरली की मी गाडी हळू करायचो, जणू मालतीच वर बसली होती.

आता कुठंही निघालो तरी एकट्याचं सामान डिकीतच मावतं. वर नुसती धूळ बसते, ती पुसत राहतो.

"काका?" निखिलनं पुन्हा विचारलं.

"घे," मी म्हणालो, "आणि दोघं लवकर भटकायला निघा."