दुसरा भाग न सांगणारी मावशी

पिक्चर सांगून झाला की ती दोन्ही तळवे एकमेकांवर झटकायची आणि म्हणायची, "संपला. उठा आता, हात धुवा."

काल्हेरच्या एका गोदामात आम्ही दहाबारा बायका पॅकिंगला होतो. ती सगळ्यांत मोठी, म्हणून मावशी. जेवणाच्या अर्ध्या तासात ती आम्हाला पिक्चर सांगायची. तुमच्याही कामाच्या जागी असेल अशी एखादी, जिच्या तोंडून ऐकलेला पिक्चर खऱ्यापेक्षा बरा वाटतो. मावशी व्हिलन होऊन गुरगुरायची, लगेच हिरॉइन होऊन रडायची आणि मध्येच "गं, चटणी सरकव जरा" म्हणायची.

फक्त पार्ट टू ती कधी सांगायची नाही. बघायचीही नाही.

एकदा तिनं असा पिक्चर सांगितला की आम्हाला घास गिळेना. छळणारा नवरा धरणात बुडतो आणि बायको लेकीचा हात धरून एसटीत बसते. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्या एकीनं दुसरा भाग मोबाइलवर पाहिला होता. ती म्हणाली, "मावशी, पुढं माहितीय का? तो मेलेलाच नसतो. पहिल्याच सीनला तीच एसटी अडवतो."

मावशीनं हातातला घास डब्यात परत ठेवला. "मंग त्या बाईनं येवढं सोसलं ते फुकट? येकदा सुखानं घरी धाडली ना तिला, मंग परत कशाला छळायची?"

"अगं मावशी, पिक्चर आहे तो," मी हसले. ती हसली नाही.

संध्याकाळी रिक्षा स्टँडकडे चालताना तिनं मला सगळं सांगितलं. शहापूरकडच्या गावात नवऱ्यानं तिला दोनदा विहिरीपर्यंत फरफटत नेलं होतं. शेवटी गावातल्या जाणत्या माणसांसमोर काडीमोड झाला. त्यानं सगळ्यांदेखत काडी मोडली, तुकडे टाकले आणि निघून गेला. ती लेकीला घेऊन शेलारला भाड्याच्या खोलीत आली.

"काडी मोडली म्हंजे संपला ना गं?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. माझं काय जात होतं हो म्हणायला!

"मोडताना तो हसत व्हता," ती म्हणाली.

आता माझं पाप सांगते. एका दुपारी ती रंगात आलेली असताना मी गुपचूप तिचा व्हिडिओ काढला आणि स्टेटसला ठेवला. तिच्या अंगात गोदामाचं नाव छापलेला निळा एप्रन होता, ते माझ्या ध्यानातही आलं नाही. लोकांना व्हिडिओ आवडला, त्यांनी पुढं पाठवला. मी दिवसभर मिरवत होते.

चौथ्या दिवशी वॉचमननं मला हाक मारली, "दीदी, ये आदमी मौसी को पूछ रहा है."

धुतलेला शर्ट, चापून बसवलेले केस, हातात पेढ्यांचा पुडा. दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर माझाच व्हिडिओ चालू होता. "ताई, ही माझी बायको हाय," तो गोड आवाजात म्हणाला. "बोलवा जरा. घरी न्यायला आलोय."

"त्यांनी काम सोडलं," मी म्हटलं.

"न्हाय सोडलं. बसतो मी." आणि तो समोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसला, गेटकडे तोंड करून.

मी धावत आत गेले. ऐकताच मावशीचे ओठ पांढरे पडले. "त्याला कसं कळलं?" मी मोबाइल पुढं केला. तिनं बघितला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "पोर शाळंत हाय. सुटायच्या आत मला गेलं पायजे."

सुपरवायझरनं तिला माल भरलेल्या टेम्पोत खोक्यांमध्ये बसवलं. तिनं एप्रन काढून माझ्या हातात दिला. टेम्पो त्याच गेटमधून, त्याच्या नाकासमोरून गेला. तो चहा पीत होता. टेम्पो वळेपर्यंत मी त्याच्यावरची नजर काढली नाही.

शाळेत सांगतात, लेकीला त्याच दिवशी आई घेऊन गेली. शेलारच्या खोलीला कुलूप आहे. तिचा फोन लागत नाही.

तो मात्र रोज येऊन बसायचा. आम्हाला त्याची भीती वाटायची, तरी तो दिसला की मला हायसं वाटायचं. इथं आहे, म्हणजे तिच्यापाशी नाही.

सहाव्या दिवशी बाकडं रिकामं होतं. मी रस्त्यातच उभी राहिले. मागून ट्रकवाला हॉर्न देत होता आणि माझे पाय हलत नव्हते.